उरलेली चार आसनं

१

जिपारनं न्यायाधीशांच्या मेजावर चार आसनं एकावर एक ठेवली, तेव्हा कोर्टात बसलेल्या बायकांनी माना उंचावल्या. नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची आसनं, हातभर लांब, हातभर रुंद, पांढऱ्या जमिनीवर मेंढ्याची लाल शिंगं. सगळ्यात वरच्याचं काम इतकं नेटकं की कोणालाही हात फिरवून पाहायचा मोह व्हावा.

"ह्यांचा जोड माझ्या लेकीकडे आहे," जिपार म्हणाली. "दर वाढदिवसाला एक पाठवलं. गेली चार वर्षं."

मागच्या बाकावरून सोनुनबुबू उठली. आक-जारच्या शाळेत स्वयंपाक करणारी ही बाई दोनशे पोरांना एका हाकेत गप्प बसवते, त्यामुळे तिचा आवाज कोर्टाच्या शिपायापर्यंत सहज पोचला.

"साहेब, नानवर, अन्नावर हात ठेवून सांगते. आमच्या घरात असलं एकही आसन आलेलं नाही. कधीच नाही."

न्यायाधीशांनी आसनं उलटसुलट करून पाहिली. त्यांची आईही नमद्याचं काम करायची, त्यामुळे जोड म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. लाल आणि पांढरा असे दोन नमदे एकावर एक ठेवायचे, एकाच सुरीनं दोन्ही आरपार कापायचे, मग लालातली शिंगं पांढऱ्यात बसवायची आणि पांढऱ्यातली लालात. एका कापात दोन आसनं होतात, रंग उलटे. म्हणजे मेजावरच्या चारांची चार भावंडं जगात कुठेतरी होती, एवढं नक्की. ती लेकीला पाठवली होती की बाजारात विकली होती, हा खरा प्रश्न होता.

आणि त्याच प्रश्नावर सगळं अडलं होतं. नवरा खिंडीतल्या हिमकड्याखाली ट्रकसकट गाडला गेला, त्यानंतर जिपार दारूच्या नादी लागली, आणि सहा वर्षांपूर्वी ह्याच कोर्टानं तिचं आईपण काढून घेतलं. पाच वर्षांची तान्सुलू आत्याकडे, म्हणजे सोनुनबुबूकडे गेली. आता जिपार ते आईपण परत मागत होती. डॉक्टरांचा दाखला होता, नमद्याच्या कारखान्याचं पत्र होतं, खिंडीपलीकडच्या ताश-बुलाकमध्ये दोन खोल्यांचं घर होतं. पण मुलगी अकरा वर्षांची होती. दहाच्या पुढच्या मुलाची स्वतःची हो असल्याशिवाय कोर्ट हे हक्क परत देत नाही, आणि तान्सुलूनं बालकल्याणच्या बाईंना स्वच्छ सांगितलं होतं, की जिला सहा वर्षांत माझी आठवण झाली नाही तिच्याकडे मी जाणार नाही.

"आज मंगळवार," न्यायाधीश म्हणाले. "आक-जारच्या पंचांनी गावात चौकशी करावी. शुक्रवारी दहा वाजता मला कळलं पाहिजे, ही आसनं गावात पोचली की नाही. पोचली नसतील तर ह्या बाई कोर्टाशी खोटं बोलल्या असं मी धरीन, आणि अर्ज तिथेच संपेल."

पंच पाच होते, त्यांतले चार पांढऱ्या दाढीचे आक्साकाल. पाचवी कालिपा. अडतीस वर्षं आक-जारच्या शाळेत गणित शिकवलेली, अडुसष्ट वर्षांची, ताठ कण्याची आणि गावच्या निम्म्या लोकांना अजून कान धरून उभं करील अशी. चौकशी तिच्याकडे आली ह्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते जिपारला, कारण सहा वर्षांपूर्वी जिपारविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही ह्याच कालिपाची होती.

२

कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात दोघी समोरासमोर बसल्या. कालिपानं विषयाला हात घालायला वेळ लावला नाही.

"जानेवारीत, चूल विझलेल्या घरात, तुझी पोर एकटी सापडली होती. मी सही केली. आज तसंच झालं तर पुन्हा करीन. हे आधीच सांगून ठेवते."

"करायलाच हवी होती, एजे," जिपार म्हणाली; थोरल्या बहिणीला म्हणतात तसं कालिपाला सगळे एजेच म्हणत. "तुम्ही सही केली नसती तर ती गारठून मेली असती. त्याबद्दल मी तुमच्यावर एक दिवसही रागावले नाही. पण आज मला कोणी खोटारडी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. तुम्ही म्हटलंत तरी."

कालिपाला हे उत्तर आवडलं. रडगाणं गाणारी माणसं तिला शाळेतही आवडत नसत. तिनं बोर्सोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची बशी जिपारपुढे सरकवली आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. जिपारनं सांगितलं ते थोडक्यात असं. भेटायची परवानगी सोनुनबुबूनं कधी दिली नाही. चार वर्षांपूर्वी जिपार नमद्याच्या कामाला लागली, त्या वसंतातच पहिलं आसन कापलं. लाल जमिनीचं लेकीला, पांढऱ्या जमिनीचं स्वतःला. फडक्यात गुंडाळून, वर खडूनं तान्सुलूचं नाव लिहून ओसमोनकडे दिलं. ओसमोन खिंडीतून रोज गाडी आणतो, एका गावचं सामान दुसऱ्या गावी पोचवतो. पुढची तिन्हीही अशीच गेली. दर वेळी ओसमोननं येऊन सांगितलं की घरी दिलं.

"सोबत चार ओळी का नाही लिहिल्यास?"

"पीत होते तेव्हा शब्द फार दिले तिला, एजे. उद्या येते, परवा येते. शब्द नको वाटले. हातानं केलेलं तेवढं पाठवलं."

"आणि उत्तर आलं नाही तेव्हा?"

"रागावली असेल असं वाटलं. तिला हक्क आहे."

कालिपानं तिच्या हातांकडे पाहिलं. जिपारच्या बोटांवर सुरीचे जुने वळ होते, नखात लाल रंग मुरलेला होता. असे हात खोटं बोलत नाहीत असं मानायचा मोह तिला झाला, पण हाताकडे बघून गणित सोडवायची तिची रीत नव्हती. पाठवलं असेल तर ते कुठेतरी पोचलं असलं पाहिजे, आणि मधली पायरी होती ओसमोन.

तेवढ्यात बाहेरून आरोळी आली. पंचांतले सगळ्यात थोरले तुर्दाकुन ओसमोनच्या गाडीच्या उघड्या दारात उभे होते आणि हातातली काठी गाडीच्या आत रोखून कालिपाला बोलावत होते. गाडी हाकणाऱ्याच्या आसनावर, ओसमोनच्या बुडाखाली, मेंढ्याच्या शिंगांचं नमद्याचं आसन होतं.

३

"चोर सापडला," तुर्दाकुन म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस घोडे शिकवण्यात तालुक्यात नावाजलेला, आणि आपलं कधी चुकत नाही हा त्यांचा पिढीजात समज. "बघ, कालिपा. तेच काम, तीच शिंगं, रंगसुद्धा अगदी कोर्टातल्यासारखे. पोरीचा वाढदिवस ह्यानं बुडाखाली घातला."

ओसमोनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. 

कालिपानं आसन उचललं, झटकलं, उजेडात धरलं. जमीन पांढरी होती, मळून पिवळट झालेली, आणि शिंगं लाल.

"रंग कोर्टातल्यासारखे आहेत ना?" तिनं विचारलं.

"मग? तेच सांगतोय."

"म्हणूनच हे त्यांतलं नाही. कोर्टातली चार पांढऱ्या जमिनीची. त्यांचा जोड लाल जमिनीचा असणार. घोड्याचे दात बघून वय सांगता, आक्साकाल, आणि घरात जन्मभर ज्याच्यावर बसलात ते कसं कापतात हे ठाऊक नाही?"

तुर्दाकुननी दाढी कुरवाळली आणि नमदा हे बायकांचं काम आहे, पुरुषानं त्यात किती लक्ष घालावं, असं काहीतरी पुटपुटले. ओसमोनला एवढ्यात वाचा फुटली. हे आसन जिपारनं त्यालाच दिलं होतं, गेल्या वर्षी, सामान फुकट पोचवतो म्हणून. त्याचा लाल जोड खिंडीपलीकडे त्याच्या घरी, बायकोच्या खुर्चीवर होता. जाऊन बघा म्हणाला. जिपार दुकानाच्या दारात येऊन उभी होती, तिनं मान हलवून हे खरं असल्याचं सांगितलं.

"मग घाबरलास कशाला?" कालिपानं विचारलं.

ओसमोन चुळबुळला. कालिपानं त्याला तिच्या वर्गात नापास केलेलं नव्हतं, कारण तो ताश-बुलाकच्या शाळेतला. पण नजरेखाली घेतल्यावर कोणत्याही शाळेतला माणूस तिच्यापुढे टिकत नसे.

"ओसमोन, तू जिपारला दर वेळी काय सांगितलंस?"

"घरी दिलं म्हणून."

"दिलंस?"

"सोनुनबुबूचं घर टेकाडावर आहे, एजे. वसंतात तिथे चिखल असतो, गाडी चढत नाही. मी खाली थांब्यावर ठेवायचो. सगळ्याच गावाची पुडकी मी तिथे ठेवतो, नावं लिहिलेली असतात, ज्याचं तो नेतो. आजपर्यंत कोणाचं काही हरवलं नाही." तो जिपारकडे बघायचं टाळत होता. "चुकलं माझं. वर चालत जायला पाहिजे होतं."

"थांब्यावर म्हणजे कुठे?"

"भिंतीतल्या खुंटीवर. खोगिरांच्या दुकानात."

तुर्दाकुननी कपाळावर हात मारला. त्या खुंटीपाशी दिवसातून अख्खं आक-जार येऊन जायचं. पण कालिपाच्या डोक्यात दुसरंच आलं. ते खोगिरांचं दुकान शेर्मातचं होतं, आणि शेर्मात हा सोनुनबुबूचा नवरा.

४

बुधवारी सकाळी कालिपा आधी टेकाडावर गेली. सोनुनबुबूनं दार उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "शोधा."

"मी शोधायला आलेय असं कोण म्हणालं?"

"तुम्ही चहाला येणाऱ्यातल्या नाही, एजे. शोधा. गाद्यांची चळत उतरवा, पोरीच्या रुखवताची पेटीसुद्धा उघडते. ती पेटी मी माझ्या सख्ख्या बहिणीला उघडू दिलेली नाही."

आणि तिनं खरोखरच उघडली. कालिपानं रजया मोजल्या, पडदे झटकले, पेटीच्या तळापर्यंत हात घातला. आसन नव्हतं. सोनुनबुबू तोंडाची फटकळ होती, जिपारवर तिचा राग होता, भावाच्या मरणानंतर त्याच्या पोरीला उपाशी ठेवणाऱ्या बाईला ती कधीच माफ करणार नव्हती. हे सगळं तिनं कालिपाला तोंडावर सांगितलं. पण राग वेगळा आणि खोटं वेगळं, हे कालिपाला चांगलं ठाऊक होतं. ह्या बाईनं आसन घेतलं असतं तर ते फेकताना सगळ्या गल्लीला ऐकवलं असतं.

शेर्मातचं दुकान खाली रस्त्याला; तिथे ती दुपारी पोचली. नऊ वर्षांपूर्वी घोडा अंगावर पडून त्याचा पाय गेला, तेव्हापासून हा उंचापुरा माणूस बाकड्यावर बसून खोगिरं करतो. तालुक्याच्या गावाला जात नाही, खिंडीपलीकडचं तर नावच नको. स्वभावानं मऊ. मूल झालं नाही ह्याचं दुःख कधी कोणापुढे उगाळलं नाही, आणि तान्सुलू घरात आल्यापासून तर ते दुःख त्याला आठवतही नसावं.

त्यानं कालिपाला चहा ओतला, स्वतःच्या हातानं लोणी लावून नान दिला. खुंटी दाखवली. तिच्यावर आजही तीन पुडकी लटकत होती.

"मी मान खाली घालून चामडं शिवत असतो, एजे. कोण काय घेऊन गेलं, मला कुठलं कळतंय? सोनुननं सांगितलं कोर्टात काय झालं ते. वाईट वाटलं मला जिपारचं."

"तुला वाईट वाटलं?"

"का वाटू नये? हात सोन्याचा आहे तिचा. लाल जमिनीवर पांढऱ्या शिंगाचं टोक असं बसवायचं की टाका दिसू नये, सोपं नाही ते. चामड्यात मला अजून जमत नाही."

त्याच वेळी बाहेर टापा वाजल्या आणि तान्सुलू घोड्यावरून उतरली. शाळा सुटल्यावर ती रोज इथेच येई. अकरा वर्षांची, सडसडीत, मान अशी ताठ की कालिपाला बघूनच बरं वाटलं. गेल्या शरदात पोरांच्या शर्यतीत मुलग्यांना मागे टाकणारी हीच.

कालिपानं तिला आईबद्दल विचारलं. तान्सुलूनं घोड्याचा लगाम खांबाला बांधला, मगच उत्तर दिलं.

"मला तिचं काही नको. ज्यांना मी आठवते ते देतात. हे बघा." तिनं खोगिरावरच्या चामडी गादीवर थाप मारली. "बाबा दर वाढदिवसाला हिच्यात एक थर घालतात. मी वाढते तशी ही वाढते. गावात दुसऱ्या कोणाकडे अशी नाही."

शेर्मात हसला आणि चामड्यावर पुन्हा मान खाली घातली.

कालिपानं चहा संपवला, आशीर्वाद दिला आणि निघाली. रस्त्याच्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. फळ्यावर सोडवलेलं गणित दिसायला बरोबर असतं, उत्तर मात्र चुकलेलं असतं, तसं काहीतरी तिच्या मनात खुपत होतं. त्या दुकानात कोणीतरी असं काही बोललं होतं जे बोलणं शक्यच नव्हतं. ते काय हे तिला आठवेना.

५

गुरुवारी सकाळी आठवलं, तेही चहा ओतताना. तिनं किटली खाली ठेवली, डोक्याला रुमाल बांधला, वाटेत तुर्दाकुनना उठवलं, शाळेच्या स्वयंपाकघरातून सोनुनबुबूला हाताला धरून आणलं, आणि तिघं शेर्मातच्या दुकानात शिरली.

"शेर्मात," कालिपा म्हणाली, "काल तू जिपारच्या कामाची स्तुती केलीस. लाल जमिनीवर पांढरी शिंगं म्हणालास."

"म्हणालो."

"कुठे पाहिलीस?"

शेर्मातची आरी थांबली. सोनुनबुबू मध्ये बोलणार होती, कालिपानं तिला हातानं थांबवलं.

"सोनुन, कोर्टातली आसनं कोणत्या रंगाची होती?"

"जमीन पांढरी, शिंगं लाल. घरी येऊन मी तसंच सांगितलं ह्यांना."

"ओसमोनच्या गाडीतलं?"

"तेही पांढऱ्याच जमिनीचं," तुर्दाकुन म्हणाले. मंगळवारचा धडा त्यांच्या चांगला लक्षात राहिला होता.

"त्याचा लाल जोड ओसमोनच्या घरी, खिंडीपलीकडे. नऊ वर्षांत तू खिंड ओलांडली नाहीस. आक-जारमध्ये जिपारच्या हातचं जे जे कोणी पाहिलं ते सगळं पांढऱ्या जमिनीचं. लाल जमिनीची चारच इकडे आली, तुझ्या खुंटीवर, फडक्यात गुंडाळून. फडकं सोडणाऱ्यालाच लाल रंग दिसला. आणि तो तुला दिसला."

 सोनुनबुबू नवऱ्याकडे बघत होती.

"म्हणजे जाळली की काय ह्यानं?" तुर्दाकुननी विचारलं.

"कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम जाळत नाही. शिंगाचं टोक ज्याच्या ध्यानात राहतं तो ते चुलीत घालील? फेकलं तर गावात कोणाला तरी सापडेल. घरात ठेवलं तर सोनुनला सापडेल. मग अशी जागा हवी जिथे फक्त ह्याचाच हात जातो." कालिपा शेर्मातच्या समोर बसली. आता तिचा आवाज खाली आला होता. "चार वर्षं, चार वाढदिवस. पोरीच्या गादीत थर किती, शेर्मात?"

शेर्मातनं आरी खाली ठेवली. उठला, लंगडत भिंतीपाशी गेला, दुरुस्तीला ठेवून घेतलेलं तान्सुलूचं खोगीर उतरवलं आणि स्वतःच्याच सुरीनं गादीची शिवण उसवली. चामडं उलटलं तसा लाल रंग बाहेर आला.

"पहिलं आलं," तो म्हणाला, "त्याच आठवड्यात तिनं मला पहिल्यांदा बाबा म्हटलं होतं. वाटलं, उद्या देऊ. उद्याचा परवा झाला. मग दुसरं आलं. दिलं असतं तर पहिल्याचं काय सांगणार होतो? पण तिच्या आईचं काम तिच्यापासून लांब टाकायचं धाडस झालं नाही मला. म्हणून तिच्याखालीच घातलं. चार वर्षं पोर त्याच्यावर बसून शर्यती जिंकतेय."

कालिपाला त्याचा संताप आला आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं, आणि दोन्ही तिनं लपवलं नाही. एका आईच्या तोंडावर तू माती टाकलीस, ती म्हणाली, आणि एका पोरीला आपण कोणालाच नको होतो असं समजायला लावलंस. हे कोर्टात तूच सांगायचं. मी सांगणार नाही.

"सांगेन," शेर्मात म्हणाला.

सोनुनबुबूचा चेहरा दगडासारखा झाला होता. नानवर हात ठेवून बोललेला शब्द खरा होता, तरी घर खोटं ठरलं, ह्याचा अपमान तिला नवऱ्याच्या गुन्ह्यापेक्षाही जास्त झोंबला असावा. ती काहीतरी बोलायला वळली आणि थबकली.

दारात तान्सुलू उभी होती. स्वयंपाकघरातून आत्याला ओढून नेताना तिनं वर्गाच्या खिडकीतून पाहिलं होतं आणि ती मागोमाग आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, चार आसनं गोळा केली, छातीशी धरली आणि कोणाकडेही न बघता टेकाडाच्या वाटेला लागली.

६

शुक्रवारी दहा वाजता कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. शेर्मात नऊ वर्षांत पहिल्यांदा तालुक्याच्या गावात आला होता. तो काठीवर रेलून बोलला, एक शब्द लपवला नाही. त्याच्यानंतर सोनुनबुबू न विचारता उठली. "मी खोटं बोलले नव्हते, साहेब," ती म्हणाली, "पण खोटं माझ्या घरात होतं. ते लिहून घ्या." आणि तशीच ताठ मानेनं बसली. कालिपाला तिचा त्या क्षणी अभिमान वाटला.

मग न्यायाधीशांनी आठही आसनं मागवून घेतली. तान्सुलूच्या हातातली चार लाल, मेजावरची चार पांढरी. एकाच सुरीचा काप असेल तर कड कडेला लागली पाहिजे. त्यांनी पहिली जोडी एकावर एक ठेवली. पहिल्या वर्षाचं काम बघवत नव्हतं. शिंगांच्या कडा दातेरी, एका ठिकाणी सुरी घसरून बोटभर बाहेर गेलेली. तिथल्या तिथे, लालातही आणि पांढऱ्यातही. दुसऱ्या वर्षी कड थोडी सरळ, तिसऱ्या वर्षी आणखी. चौथ्या वर्षीची जोडी जुळवताना न्यायाधीशांना शिवण शोधायला चष्मा लावावा लागला.

"हात थरथरायचा तेव्हा," जिपार म्हणाली.   चार वर्षं दारूशी कशी झुंज दिली ते मेजावर मांडलेलं होतं आणि सगळं कोर्ट ते बघत होतं.

आसनं पोचली होती. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. न्यायाधीशांनी तसं लिहून घेतलं आणि मग तान्सुलूला पुढे बोलावलं. तिच्याशी ते सांभाळून बोलले. घाई नाही, म्हणाले, कोणी रागावणार नाही. आत्याकडे राहायचं असलं तर राहता येईल, आईकडे जायचं असलं तर जाता येईल. तुझं उत्तर हवं.

"आधी मला तिला एक विचारायचंय," तान्सुलू म्हणाली.

न्यायाधीशांनी मान हलवली. मुलगी आईकडे वळली. सहा वर्षांत दोघी पहिल्यांदाच इतक्या जवळ उभ्या होत्या.

"मी आत्याकडे आले त्याला सहा वर्षं झाली. सहा वाढदिवस झाले. आसनं चार आहेत. दोन कुठे आहेत?"

कोर्टात कुजबुज झाली. ओसमोननं मान खाली घातली, त्याला वाटलं आणखी दोन हरवल्याचं खापर आता आपल्यावर फुटणार. कालिपा मात्र जागच्या जागी थिजली. तीन दिवस ती जोड्या जुळवत होती, रंग तपासत होती, थर मोजत होती. सहातून चार वजा करायचं अडतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि जिपारला आता एक खोटं पुरणार होतं. तीही पाठवली होती, ती वाटेत गेली असतील, एवढं म्हटलं असतं तर आज कोणीही विश्वास ठेवला असता.

जिपारनं लेकीच्या डोळ्यांतून नजर काढली नाही.

"ती दोन नाहीत," ती म्हणाली. "मी केलीच नाहीत. ती दोन वर्षं मी पीत होते. तुझा वाढदिवस कधी आला आणि कधी गेला हे मला माहीतसुद्धा नव्हतं."

 शेर्मातच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. सोनुनबुबूनं नवऱ्याकडे न बघता त्याच्या हातात रुमाल कोंबला.

मग मुलगी न्यायाधीशांकडे वळली.

"लिहा," ती म्हणाली. "माझी हो आहे. पण उन्हाळ्यात मी आत्याकडे आणि बाबांकडे येणार. तेही लिहा."

न्यायाधीशांनी दोन्ही लिहून घेतलं.